त्या भोपळ्याबद्दल आभार

मॅडम,

स. न. वि. वि.

आमचं घरकर्ज फिटलं. ठरलेल्या मुदतीच्या चांगली सहा वर्षं आधी. ही बातमी पहिल्यांदा तुम्हाला सांगायची होती, म्हणून शाखेत आले, तर तुमच्या खुर्चीत एक तरुण मुलगा बसलेला. "त्यांची बदली झाली," एवढंच म्हणाला. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं, असा एकूण चेहरा होता. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. खातेदाराला कर्ज लवकर फेडायला मदत केली, ही तुमच्याकडे शाबासकीची गोष्ट ठरते की मेमोची, याची मला खात्री नाही.

मी तुम्हाला आठवत असेन असंही नाही. पण तुम्ही एका रद्द झालेल्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने रकाने आखले होतेत, तो कागद माझ्याकडे आहे. त्याच्याबद्दल लिहायचंय. आधी थोडं मन मोकळं करून घेते, कारण तुमच्यापर्यंत पोचण्याआधी ज्यांनी ज्यांनी आम्हाला सल्ले दिले त्यांचं देणं अजून माझ्याकडे बाकी आहे.

तुमच्या आधी त्याच टेबलावर एक साहेब असायचे. व्याजाचा दर वाढल्याचं पत्र आलं तेव्हा आम्ही दोघं घाबरून त्यांच्याकडे गेलो. ते हसले. "हप्ता वाढलाय का? नाही ना? मग कशाला टेन्शन घेता?" चहा मागवला त्यांनी आमच्यासाठी. माणूस गोड. फक्त हप्ता तोच ठेवून मुदत मागच्या मागे लांबवली आहे, हे चहा संपेपर्यंत एकदाही बोलले नाहीत. तुम्ही नंतर आकडेच दाखवलेत. २० वर्षांच्या कर्जाचा दर सुरुवातीलाच ९ वरून १० टक्के झाला आणि हप्ता आहे तोच ठेवला, तर कर्ज २६ वर्षांच्याही पुढे जातं. ११ टक्के झाला तर त्या हप्त्यातून महिन्याचं व्याजसुद्धा निघत नाही, म्हणजे हप्ते भरत राहायचे आणि कर्ज वाढत राहायचं. आमचा शेवटचा हप्ता माझ्या नवऱ्याच्या निवृत्तीच्या पलीकडे जाऊन बसला होता आणि आम्हाला कुणी चकार शब्दाने सांगितलं नव्हतं.

दुसरे भेटले ते गुंतवणुकीचा सल्ला देणारे. त्यांच्या मते कर्ज लवकर फेडणं हा निव्वळ अडाणीपणा, शिल्लक पडेल ती सगळी त्यांच्या योजनेत टाकायची. त्या योजनेवर त्यांना काय मिळतं, हे विचारल्यावर त्यांना एक महत्त्वाचा फोन आला.

आणि तिसरे घरचेच. आमच्या नात्यात एक काका आहेत, त्यांनी सात वर्षांत कर्ज फेडलं. हे ते भेटेल त्याला सांगतात. काकू शेजारी बसलेल्या असतात, त्या काही बोलत नाहीत. काकूंची दुखरी दाढ, मुलीचं गाणं, मुलाची शाळेची सहल, सगळ्याला एकच उत्तर होतं, कर्ज फिटलं की बघू. कर्ज फिटलं तेव्हा मुलगी गाणं विसरली होती. काका मला म्हणायचे, पोटाला चिमटा काढ, सात वर्षं म्हणजे काय, अशी जातात. ती कुणाची गेली, हे काकूंना विचारायला हवं.

या सगळ्या पार्श्वभूमीवर मी तुमच्यासमोर आले. दुपारची गर्दी ओसरली होती. मला कर्ज लवकर संपवायचंय, एवढंच मी म्हटलं. तुम्ही विचारलंत, "घाई कशाची?" मी म्हटलं, डोक्यावरचं ओझं उतरवायचंय. "उतरवू की. पण मान मोडून नको."

मग तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. इतक्या वर्षांत कुणी स्क्रीन आमच्याकडे वळवली नव्हती. आम्ही नेहमी तिची पाठ बघत बसायचो आणि पलीकडचा माणूस आमच्याच पैशांकडे बघत मान हलवायचा. तुम्ही फेडीचा तक्ता उघडून पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवलीत. ९ टक्के दराच्या, २० वर्षांच्या कर्जाचा पहिला हप्ता म्हणजे १०० भाग धरले तर त्यातले ८३ व्याजाचे आणि १७ मुद्दलाचे. निम्मं मुद्दल फिटायला १४ वर्षं लागतात, उरलेलं निम्मं शेवटच्या ६ वर्षांत जातं. मला वाटलं, ही काहीतरी लबाडी असणार. तुम्ही म्हणालात, लबाडी नाही, व्याज बाकीवर लागतं आणि सुरुवातीला बाकीच मोठी असते. म्हणून जादा भरायचं तर लवकर भरलेलं कामाला येतं. मूळ कर्जाच्या ५ टक्के एवढी रक्कम पहिल्या वर्षाअखेरीस भरली तर मुदतीतले साधारण २७ महिने कमी होतात. तीच रक्कम पंधराव्या वर्षाअखेरीस भरली तर जेमतेम ८.

मोठी रक्कम हाताशी नसेल तर? त्याचंही तुमच्याकडे तयार होतं. वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरला तरी २० वर्षांतली साडेतीनेक वर्षं वाचतात. आणि हप्ताच दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत नेला तर सगळं प्रकरण १२ वर्षांच्या आसपास आटोपतं. "पगार वाढला की हप्ता वाढवायचा. पगाराला कळायच्या आत," असं म्हणून तुम्ही पहिल्यांदा हसलात. शिवाय जादा भरताना हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा, असं लेखी द्यायला सांगितलंत. नाहीतर हप्ता कमी होतो, आपल्याला बरं वाटतं आणि मुदत जागची हलत नाही.

गुंतवणूकवाल्यांचं मी सांगितलं तेव्हा तुम्ही त्यांना नावं ठेवली नाहीत, हेही मला आवडलं. कर्ज फेडणं म्हणजे कर्जाच्या दराइतका खात्रीचा परतावा, एवढंच म्हणालात. "त्याहून जास्त, तितक्याच खात्रीने कुणी देत असेल तर तिकडे टाका. आणि मलाही पत्ता द्या."

पण खरं सांगू का मॅडम, इथपर्यंतचं गणित कुणीही शिकवलं असतं. कॅल्क्युलेटर सगळ्यांकडे असतो. मी आज लिहितेय ते यानंतर जे झालं त्यासाठी.

तुम्ही तो फॉर्म उलटा केलात, डावीकडे वर्षं लिहिलीत आणि विचारलंत, "आता सांगा, घरात काय काय येऊ घातलंय?" मला प्रश्नच कळला नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत. मुलगी कितवीत आहे, सासूबाईंची तब्येत कशी आहे, नोकऱ्या किती पक्क्या. मी सांगत गेले, तुम्ही त्या त्या वर्षासमोर बारीक अक्षरात लिहीत गेलात. गुडघा. कॉलेज. मग सगळ्यात वर एक ओळ घातलीत, कर्जाच्याही वर. काही महिन्यांचा घरखर्च बाजूला, आणि त्याला हात लावायचा नाही. कार्डाची थकबाकी आहे का? असेल तर आधी ती, तिचं व्याज घरकर्जाच्या कितीतरी पट. विमा चालू आहे का? "हे झाल्यावर उरेल ते घराला. भिंतीत घातलेला पैसा दवाखान्याच्या काउंटरवर चालत नाही." सासूबाईंच्या गुडघ्याच्या वेळी हे वाक्य मला शब्दशः आठवलं. तेव्हा कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

आणि मग पेन्सिल खाली ठेवून तुम्ही विचारलंत, "आणि तुमचं काय?"

माझं काय म्हणजे? मी खरंच गोंधळले. माझं कसलं काय असणार. लग्नाच्या वेळी लायब्ररी सायन्सची पदवी अर्धवट राहिली होती, ती पुरी करायची म्हणत होते, पण ते आपलं असंच, असं काहीतरी मी बोलून गेले. तुम्ही "असंच" लिहिलं नाहीत. पाचव्या वर्षासमोर "पदवी" असं लिहिलंत आणि जादा भरण्याच्या रकान्यात मोठं, गोल, ठसठशीत शून्य काढलंत.

मी म्हटलं, "अहो, भोपळा कशाला? थोडंतरी भरीन की त्या वर्षी."

तुम्ही त्या शून्याभोवती आणखी एक गोल केलात. "हा भोपळासुद्धा हप्ताच आहे. हा चुकवायचा नाही."

मॅडम, तुमच्यासाठी ते दोन सेकंदांचं काम होतं. पुढच्या खातेदाराने टोकन हातात घेऊन खाकरायला सुरुवातही केली होती. मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि मला रडू आलं. कर्जाच्या कागदावर माझ्यासाठी जागा होती. कुणी मोठ्या मनाने वगैरे दिलेली नाही, तर सासूबाईंच्या गुडघ्यासारखी आणि मुलीच्या कॉलेजसारखी, ओळीत, वर्ष घालून. तोपर्यंत मी माझ्या इच्छा घरखर्चातून वाचल्या तर बघू या खात्यात टाकत आले होते. त्या खात्यात काही वाचत नाही, हे सांगायला नको.

पाचवं वर्ष आलं तेव्हा घरात कुरबुर झालीच. नवऱ्याचा बोनस झाला होता, तो म्हणाला, निम्मा तरी कर्जात टाकू, तू अभ्यास कर ना, कोण अडवतंय? मी कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने बराच वेळ बघितला. "बँकेनेच लिहून दिलंय म्हणतेस?" म्हटलं, हो, बँकेनेच. मी सांगून, वाद घालून, रुसून जे झालं नसतं ते पेन्सिलीच्या एका गोलाने झालं. त्या वर्षी मी कामाचे तास कमी करून घेतले आणि संध्याकाळी वर्गात जाऊन बसले, माझ्या निम्म्या वयाच्या मुलामुलींत. नुसता ठरलेला हप्ता तेवढा गेला. बोनसमधून फी भरली आणि उरलं त्यात सासूबाईंसकट आम्ही सगळे चार दिवस बाहेर फिरून आलो. काकांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी फोन करून खडसावलं. मी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्याकडे कागद होता.

त्या एका वर्षाने कर्ज थोडं लांबलं असेल, नक्कीच लांबलं असेल. पण पुढची वर्षं मी ज्या जोमाने भरलं, तो जोम त्या वर्षातून आला. सतत चिमटा काढून आम्ही तिसऱ्या वर्षी थकून सोडून दिलं असतं, हे मला आमच्या दोघांचे स्वभाव माहीत असल्यामुळे खात्रीने सांगता येतं. पदवीनंतर पगार वाढला तो वेगळाच. तो तुमच्या तक्त्यात नव्हता.

आता मी स्वतः एका वाचनालयात टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसते. तिथून कळतं की स्क्रीन वळवायला काहीच लागत नाही. मान वळवण्याइतकंच. तरी आपण वळवत नाही, कारण न वळवण्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. तुम्हाला त्या दुपारचा एक पैसा जास्त मिळाला नसेल, उलट तुमच्या संस्थेचं आमच्याकडून येणारं व्याजच कमी झालं. साहेबांनी चहा पाजला आणि मुदत लपवली. तुम्ही पाणीसुद्धा विचारलं नाहीत आणि मला माझं वर्ष दिलंत. लोक पहिल्याला माणुसकी म्हणतात. म्हणोत बापडे. मला विचाराल तर समोरच्याचं काम नीट समजून घेऊन करणं याइतकी सभ्य गोष्ट दुसरी नाही, आणि ती करणारी माणसं बहुतेक वेळा फार गोड बोलत नाहीत.

कर्ज संपल्यावरच्या कागदपत्रांचं पुराण इथे लावत नाही. मूळ कागद हातात आले, बोजा उतरल्याची नोंद झाली, सगळं नीट पार पडलं.

आता एक विनंती. माझ्या धाकट्या दिराचं कर्ज नुकतंच मंजूर झालंय. आनंदात आहे पोरगा, तक्ता बघितलेला नाही. काका त्याला गाठायच्या आत मी त्याच्यासाठी रकाने आखून ठेवलेत, वरची राखीव ओळ घातली आहे, मुदत कमी करण्याचं लेखी द्यायलाही बजावलंय. पण माझ्या जाऊबाईला "तुमचं काय" विचारलं तर ती हसून स्वयंपाकघरात निघून जाते. वहिनीने विचारलं की असंच होतं. तिला तुम्हीच विचारायला हवं. तेव्हा हे पत्र वाचनात आलं तर सध्या कुठल्या शाखेत बसता तेवढं कळवा. दुपारची गर्दी ओसरली की दोघांना घेऊन येते.

कळावे,

तुमची एक माजी कर्जदार