ताई, काकांसाठी तुम्ही खुर्ची ओढलीत म्हणून

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण हे पत्र चारचौघांत लिहायचं होतं, कारण आमच्या दिवाणजी काकांना बोल लागला तोही चारचौघांतच.

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी लागते. वजन, दर, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम. ती घेतल्याशिवाय तो गावाकडं निघत नाही, आणि का निघावं? आमच्या पुढच्या काउंटरवर मात्र मधूनच बटण दाबलं तरी पट्टी निघायची नाही. पडद्यावर काही सूचनाही नाही. पट्टी काढायचं वेबपेज करून देणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: "तुमचा माणूस चुकीचं दाबतोय." त्यांच्यातला एकजण येऊन कन्सोल, म्हणजे पेजच्या चुकांच्या ओळी जिथे उमटतात ती ब्राउझरची खिडकी, उघडून दाखवून गेला. एकही ओळ नाही, म्हणजे आमच्याकडं दोष नाही! गाडीवाले, शेतकरी सगळे बघत होते. काका खाली मान घालून उभे. आयुष्य या यार्डात हिशेब लिहिण्यात गेलेला माणूस.

तुम्ही आलात आणि कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी काकांसाठी खुर्ची ओढलीत. "काका, बसा. तुम्ही रोज कसं करता तसंच करा, मी नुसती बघते." एवढंच. काकांनी शेतकऱ्याचं नाव मराठीत लिहिलं, वजन लिहिलं, बटण दाबलं. पट्टी नाही. तुम्ही मान डोलावलीत आणि मग कन्सोलकडं वळलात.

पुढचं मी तुमच्या शेजारी उभं राहून पाहिलं. त्या पेजमध्ये 'लॉगलेव्हल' ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे, कन्सोलवर कुठल्या ओळी दाखवायच्या ते ठरवणारी. तिच्या पायऱ्या ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर आणि सगळ्यात वर सायलेंट, म्हणजे काहीच दाखवायचं नाही. काही ठरवलं नाही तर ती वॉर्नवर असते, म्हणजे इशारे आणि चुका तरी दिसायलाच हव्यात. तुम्ही ब्राउझरचं लोकल स्टोरेज, म्हणजे पेजच्या नोंदी साठतात ती जागा, उघडलंत. तिथे 'लॉगलेव्हल' नावापुढं लिहिलेलं होतं: सायलेंट. पातळी ठरवणारं 'सेटलेव्हल' एकदा चालवलं की ती पातळी त्या ब्राउझरमध्ये साठून राहते. कोडमध्ये नंतर 'सेटडीफॉल्टलेव्हल'नं काहीही सांगा, आधी साठवलेलंच चालतं. आमच्याकडं त्या मंडळींशिवाय कन्सोल कुणी उघडत नव्हतं. लाल ओळी दिसू नयेत म्हणून तोंड बंद कुणी केलं, हे मी वेगळं सांगायला नको. आणि तीच शांतता पुरावा म्हणून दाखवायची, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही ती नोंद पुसलीत, पेज पुन्हा उघडलंत, काकांना म्हणालात, "आता परत करा." लाल ओळ आली. वजन '३०', आणि त्याचा आकडा होत नाही. काका मराठी कीबोर्डवर नाव लिहून तसंच वजनही लिहायचे. लिहिलेल्याचा आकडा करणारं जावास्क्रिप्टचं 'नंबर' देवनागरी आकडे वाचत नाही. दुकानातल्या मागच्या बाजूच्या कॉम्प्युटरवर आकडे इंग्रजीत पडत, म्हणून तिथे कधी अडलं नाही.

इथे दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आकडे इंग्रजीत लिहा. तुम्ही म्हणालात, "काकांनी बरोबरच लिहिलंय. पेजला वाचता येत नाही." दुकानात माणसं होती, ती ऐकतील एवढ्या आवाजात म्हणालात. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी सांगत हुतो की."

ताई, हुशार माणसं कोल्हापुरात पुष्कळ आहेत, राजारामपुरीत ऑफिसवर ऑफिस आहे. पण समोरच्याचं म्हणणं खरं धरून कामाला सुरुवात करणारी किती? शिक्षण, पगार यांच्या आधी माणसात हे असावं लागतं. तुमच्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांगा.

आता पेज देवनागरी आकडे घेतं. वजनात काही अडलं तर पडद्यावरच मराठीत सांगतं. तपासणीसाठी डीबग लावायचं झालं तर तुम्ही शिकवल्याप्रमाणे 'सेटलेव्हल'ला दुसरा शब्द 'फॉल्स' देतो, म्हणजे काही साठून राहत नाही. तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाही अर्धा टाकून गेलात. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतील, तेव्हा घरच्यांना घेऊन या. काकांनी तुमच्यासाठी गूळ बाजूला काढायचं आत्ताच सांगून ठेवलंय, आणि पट्टी ते स्वतः करणार आहेत.

तुमचा,
यार्डातला एक अडत दुकानदार