घारापुरीच्या दगडांना पहारा, माणसांना काय?

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. आमच्या धक्क्यावर उभं राहून आपण बेटासाठी चोवीस तास डॉक्टर आणि रुग्णांची बोट जाहीर केलीत. टाळ्या पडल्या, फोटो छापून आले. बोट मात्र अजून आली नाही.

परवा रात्री आईच्या छातीत कळ आली. बाहेर ओहोटी, धक्क्याखाली नुसता चिखल. शेजारच्या तांडेलाने पाणी चढेपर्यंत थांबून होडी काढली. पलीकडचे डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. आम्ही केला उशीर! आता तिची डावी बाजू हलत नाही. समोर न्हावा-शेव्याचे दिवे रात्रभर जळत होते. तिथे कंटेनर बारा महिने चोवीस तास हलतात, आमचं आजारी माणूस तेवढं भरतीची वाट बघतं.

लेण्यांचं कौतुक आम्हालाही आहे. १९८७ साली ती जागतिक वारसा झाली. स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. शिवाच्या मूर्तीला ओरखडा गेला तर कायदा धावून येतो. राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर ही तीन गावं मात्र नकाशात रंग भरायला आहेत. वीज आली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. मुंबई डोळ्यांसमोर, तरी स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं विजेविना काढली; जनरेटर आला, तोही चालायचा संध्याकाळचे मोजके तास. त्याचाही सोहळा केलात, जणू चंद्रावर दिवा लावला!

पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो दगडी हत्ती इंग्रज १८६४ मध्ये विलायतेला न्यायला निघाले. उचलतानाच तो फुटला. तुकडे जोडून उभा केला १९१४ मध्ये. आज राणीच्या बागेत आहे. पन्नास वर्षांनी का होईना, हत्तीची दुरुस्ती झाली. आमचा नंबर कितवा?

हजार-बाराशे माणसं आम्ही, मतं ती किती? सरकारं बदलली, हिशेब तोच. पर्यटकांच्या तिकिटाचा पैसा वर जातो, खाली येतात ती आश्वासनं. फाईल उरणहून अलिबागला, अलिबागहून मंत्रालयात, आणि तिथून 'तपासून कळवावे' असा शेरा घेऊन परत.

तर एकदा या. सोमवारी या, लेणी बंद असतात, गर्दी नसते. पर्यटकांना इथे रात्री राहायला मनाई आहे. आपल्याला परवानगी मिळेल, परवानग्या आपणच देता. फक्त रात्री छातीत दुखू देऊ नका.

आपला,
मोराबंदरचा एक मतदार