नदीवर धावून आलेल्यांचे आभार

टँकर उलटला, डिझेल नाल्यातून नदीत उतरलं, तेव्हा न बोलावता आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

नाल्यात मातीची पोती रचून, तळाशी तिरका पाइप बसवणाऱ्या काका, तुम्ही कमाल केलीत! डिझेल पाण्यावर तरंगतं. त्यामुळे खालचं पाणी वाहत राहिलं आणि तवंग बांधाआड अडला. तो शोषक पॅडने टिपून पिंपात भरण्याचं किचकट काम पोरांनी रात्रभर केलं, तेही त्या डोकं चढवणाऱ्या वासात.

साबण ओतायला निघालेल्यांना दरडावणाऱ्या ताईंचे आभार तर मानावे तितके थोडेच. साबणाने तवंग दिसेनासा होतो, पण डिझेल पाण्यात मिसळून माशांना जास्तच बाधतं.

काठच्या गवतात तेलकटपणा आहे अजून, गुरं सोडू नका. कुणाची फावडी-घमेली राहिली आहेत, पुसून ठेवलीत. घेऊन जा.