कार्ड नंतर बघू, आधी प्रोसेसर ठरव

प्रिय मित्रा,

नव्या पीसीत कुठला प्रोसेसर आणि कुठलं ग्राफिक्स कार्ड घालायचं हे विचारणारा तुझा मेसेज वाचला, दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय. आधी माझं मत सांगतो, कारणं मागाहून. दुकानदार म्हणतो तो इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर घेऊ नकोस. एफ नसलेला साधा १२४०० घे, त्याच्यात ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, आतच असतो, एफवाल्यात तो नसतो, आणि तुझ्या मेव्हण्याच्या ओळखीतला मुलगा विकतोय ते जुनं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड घ्यायचं की नाही ते चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर सावकाश ठरव. तू लिहिलंस की दोन्ही प्रोसेसरांत दोन-तीन हजारांचा फरक पडतो आणि ते पैसे कार्डात घालता येतील. हिशेब दिसायला बरोबर आहे रे, पण तुझ्या कामासाठी तो उलटा बसतो.

पीसी बदलायलाच हवा ह्यात वाद नाही. तुझा चौथ्या पिढीचा आय५ विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाटकमंडळांचे व्हिडिओ, लोकांचे फोटो, बिलं सगळं त्याच मशीनवर ठेवून तू नेटला जोडतोस, मला काळजी वाटते. जुनी डीडीआर३ रॅम नव्या बोर्डावर बसणार नाही, ती सोडून दे. कॅबिनेट आणि हार्डडिस्क चालतील.

आता मुद्द्याचं. तुझं मुख्य काम काय? जत्रेतली संगीत नाटकं, भजनाचे कार्यक्रम, शिगम्याची मिरवणूक हे शूट करायचं आणि एडिट करून चार-पाच दिवसांत मंडळाच्या हातात द्यायचं. नवा कॅमेरा घेतल्यापासून तू १०-बिट ४:२:२ ह्या जास्त रंग साठवणाऱ्या सेटिंगमध्ये शूट करतोस, एचईव्हीसी ह्या व्हिडिओ दाबून छोटा करणाऱ्या फॉरमॅटमध्ये, आणि ते बरोबरच आहे, कारण नेहमीच्या ४:२:० पेक्षा त्यात रंगाची माहिती दुप्पट साठते आणि स्टेजवरच्या लाल-निळ्या लाईटांत चेहऱ्याचा रंग सुधारायचा झाला तर तीच कामी येते. पण टाइमलाइन अडकते, मग रात्रभर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी, बनवत बसतोस, हे तूच सांगितलंस ना मागे? ह्या फॉरमॅटचा डिकोड, म्हणजे तो उलगडायचं काम, ना तुझं आत्ताचं ७५० टीआय कार्ड करू शकत, ना ते १०६०. ह्या कार्डांच्या कंपनीने, एन्विडियाने, हे हार्डवेअर आणलं आरटीएक्स ५० मालिकेत, म्हणजे २०२५ मध्ये. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये मात्र क्विक सिंक नावाचा भाग असतो, आणि १२४०० मधलं यूएचडी ७३० हा १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी सरळ हार्डवेअरवर उलगडतं, प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्याचा वापरही करतं. म्हणजे दोन-तीन हजार वाचवायला दुकानदार जो भाग काढून टाकायला सांगतोय, नेमका तोच तुला सगळ्यात जास्त लागणारा आहे! त्याला दोष देत नाही मी, त्याच्याकडे येणारी बहुतेक पोरं गेमसाठी पीसी बांधतात आणि त्यांना एफवालाच योग्य असतो, पण तू त्यांच्यातला नाहीस.

एएमडीच्या रायझन ५ ५६००जीचं पण विचारलंस. चांगला प्रोसेसर आहे, २०२१चा, सहा कोअर, आतलं व्हेगा ग्राफिक्स गेमच्या बाबतीत यूएचडी ७३०च्या बरंच पुढे, साधारण तुझ्या ७५० टीआयच्या बरोबरीला. फक्त गेमचा प्रश्न असता आणि कार्ड घ्यायचंच नसतं तर मी डोळे मिटून तोच घे म्हटलं असतं. पण ४:२:२ त्याला पण जमत नाही, त्यामुळे तुझ्यासाठी नाही.

आता गेमचं खरं खरं सांगतो, कारण तुझा मुलगा आशेने बसलाय हे माहीत आहे मला. यूएचडी ७३० वर मोठे गेम चालणार नाहीत, तुझं जुनं ७५० टीआयसुद्धा त्याच्यापेक्षा बरं. कारण सरळ आहे, आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधून वाटा घेतं. डीडीआर४-३२०० च्या दोन स्टिक लावल्या तर सेकंदाला ५१.२ जीबी मिळतात, तेही प्रोसेसरशी वाटून, आणि एकच स्टिक लावली तर निम्मे. १०६० च्या ६ जीबीवाल्या कार्डाला सेकंदाला स्वतःचे १९२ जीबी. दहा वर्षं जुनं असून ते गेममध्ये अजून टिकून आहे ते उगाच नाही. पण एक लक्षात ठेव, ७५० टीआय असो की १०६०, दोन्हींना एन्विडियाचे गेमचे नवीन ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटीचे अपडेट. आजचे गेम चालतील, दोन वर्षांनी येणाऱ्यांची खात्री नाही.

म्हणून म्हणतो हे किंवा ते असा प्रश्नच नाही. आधी ग्राफिक्सवाला प्रोसेसर, आणि मुलासाठी सध्या ७५० टीआयच नव्या बोर्डात लाव, त्याला वेगळी पॉवरची वायरही लागत नाही. कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, तेव्हा बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर हा पर्याय चालू कर, हे विसरलास तर क्विक सिंक दिसणारच नाही आणि तू मला फोन करशील. दोन्ही चालू असली की व्हिडिओ उलगडायचं काम आतलं ग्राफिक्स करतं आणि गेम कार्डावर.

शिवाय आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा की कपाटातल्या कागदांना वास येतो, त्यात तुमच्या डिचोलीकडची तांबडी धूळ, आणि लाईट तर दिवसातून कितीदा जाते-येते. जुन्या कार्डाचा पंखा आणि कॉन्टॅक्ट ह्यातच पहिल्यांदा जातात. चवथीच्या आदल्या रात्री कार्ड गेलं आणि प्रोसेसर एफवाला असला तर स्क्रीनवर काहीच येणार नाही, काम ठप्प. आत ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची केबल बोर्डाला लावायची आणि काम पुढे चालू. यूपीएसचंही बघ, १०६० पूर्ण लोडवर १२० वॅट घेतं, लाईट गेल्यावर सेव्ह करून बंद करायला मिळणारा वेळ तेवढा कमी होतो.

रॅम मात्र दोन स्टिकमध्येच घे, एक मोठी घेऊन दुसरी नंतर असं नको. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढलेत हे खरं, म्हणून डीडीआर४ वाला बोर्ड घे, १२४०० डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही प्रकारच्या बोर्डांवर चालतो. कार्डाचे सहा हजार वाचले तर ते इथे घाल, एडिटिंगला पण उपयोग, आतल्या ग्राफिक्सला पण.

आणि नंतर १०६० घ्यायचं ठरलंच तर तोंडी शब्दावर घेऊ नकोस. आधी बघ की ६ जीबीवालं आहे की ३ जीबीवालं, कारण नाव एकच असलं तरी ३ जीबीवाल्यात कोअरसुद्धा कमी आहेत, १२८० च्या जागी ११५२. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून खात्री कर, जुनी कार्डं मोठ्या नावाने विकणारे आहेत. मायनिंगला, म्हणजे क्रिप्टो नाणी मिळवायला, वापरलं होतं का ते विचार. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर तसली ढीगभर कार्डं बाजारात आली. अर्धा तास गेम लावून तापमान बघ, पंख्याचा आवाज ऐक, आणि मागच्या पत्र्यावर, पोर्टवर गंज आहे का ते टॉर्च मारून बघ, समुद्राजवळच्या घरातलं असेल तर तिथेच कळतं.

तुझ्या एसएमपीएसचं, म्हणजे पॉवर सप्लायचं, मात्र मला कळलं नाही, किती वॅटचा आहे आणि कधी घेतलेला? त्याच्या स्टिकरचा फोटो आणि कॅमेऱ्याच्या मेन्यूतल्या रेकॉर्डिंग सेटिंगचा फोटो आज रात्री पाठव, एचईव्हीसी आहे की आधीचा एच.२६४ फॉरमॅट ते एकदा माझ्या डोळ्यांनी बघतो, कारण एच.२६४ मध्ये ४:२:२ असेल तर हे क्विक सिंक पण उपयोगी पडणार नाही आणि तुला कॅमेऱ्यातलं सेटिंग बदलावं लागेल. ते कळेपर्यंत दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नकोस.

वहिनींना आणि काकींना नमस्कार सांग.

तुझाच