सॅक घेण्याआधी पाठ मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की शनिवारी रात्री कसाऱ्याच्या आणि कर्जतच्या गाड्यांत सॅकवाल्यांची गर्दी दिसू लागते. दिवाळीच्या सुट्टीतल्या लांब ट्रेकची खरेदीही याच दिवसांत होते. ट्रेकच्या सूचनेत ‘५० ते ६० लिटरची सॅक आणावी’ एवढेच असते. नवखी मुले दुकानात तोच आकडा सांगतात, रिकामी सॅक खांद्याला अडकवून आरशात बघतात आणि रंग पसंत पडला की पैसे देतात. लिटरवरून सामान किती मावेल ते कळते. ते ओझे अंगावर कसे बसेल हे पाठीच्या लांबीवर ठरते, आणि ती कुणी मोजतच नाही.

मोजायला शिंप्याची टेप आणि मदतीला एक माणूस पुरे. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी ठळक हाड हाताला लागते, तो सातवा मणका. टेप तिथून सुरू करायची. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून अंगठे मागे वळवायचे. अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्याला जिथे मिळते तिथे माप संपते. टेप पाठीच्या बाकाला टेकलेली हवी, ताणलेली नको. मोठ्या माणसांचे हे माप साधारण ४० ते ५३ सेंटिमीटर भरते. उंचीवरून अंदाज बांधू नये. लांब पायांच्या सहा फुटी माणसाची पाठ साडेपाच फुटी मित्राएवढीच निघू शकते. स्मॉल, मीडियम, लार्ज ही अक्षरे कंपनीगणिक बदलतात, म्हणून विक्रेत्याला सेंटिमीटरच विचारावेत.

माप चुकले की त्रास ठरलेला. सॅक आखूड असेल तर कमरपट्टा पोटावर चढतो आणि सगळे वजन खांद्यांवर येते. खांद्याच्या पट्ट्याखाली नसा दाबल्या जाऊन हाताला मुंग्या येतात, त्या बऱ्याचदा यामुळेच. सॅक लांब असेल तर पट्टे खांद्यावर टेकत नाहीत, मध्ये फट राहते आणि ओझे मागे ओढते. मापाच्या सॅकमध्ये वजनाचा मोठा वाटा कमरेच्या हाडांवर बसतो, खांदे ती फक्त सावरून धरतात.

म्हणून रिकामी सॅक घालून बघण्याला काही अर्थ नाही. किमान दहा किलो भरा. दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या पाच बाटल्या भागतात. आधी सगळे पट्टे सैल करा. मग कमरपट्टा लावा. त्याच्या गादीचा मधला भाग कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर यायला हवा, आणि पुढे दोन्ही गाद्यांच्या टोकांत चार बोटांची जागा उरायला हवी. टोके एकमेकांना भिडली तर पट्टा पुढे आवळताच येणार नाही. त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढा, मग त्यांच्या वरचे, सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, म्हणजे लोड लिफ्टर. हे खांद्यापासून सॅककडे साधारण ४५ अंशांत वर जायला हवेत. आडवे पडले तर सॅक तुमच्यासाठी आखूड आहे. छातीचा पट्टा सर्वांत शेवटी, गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, श्वास मोकळा राहील इतपतच. आता खांद्याचे पट्टे अर्धे सैल सोडा. वजन कमरेवर टिकले तर सॅक बरोबर. ती मधोमध चुरगळून खाली बसली तर आत फ्रेम, म्हणजे ताठ सांगाडा, नाही किंवा असून निकामी आहे, आणि तिचा कमरपट्टा फक्त सॅक हलू देत नाही एवढ्यापुरताच. अर्धा तास अशीच घालून ठेवा, जवळचा जिना दोनदा चढा-उतरा. चांगल्या दुकानदाराची याला हरकत नसते. मुलींनी तर हे नक्कीच करावे; पाठीला आखूड आणि खांद्यापाशी वळणदार पट्ट्यांची वेगळी सॅक मिळते.

सह्याद्रीत रात्रीच्या मुक्कामाला ३५ ते ४५ लिटर भरपूर झाले. मोठी सॅक असली की ती भरली जातेच. भरलेल्या सॅकचे वजन शरीराच्या वजनाच्या एक चतुर्थांशाच्या आतच ठेवा; ६० किलोच्या माणसाने १५ च्या वर जाऊ नये, आणि त्यात तीन किलो नुसते पाणीच असते. पाणी, शिधा, भांडी अशा जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीत. त्या बाहेरच्या बाजूला गेल्या की हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांवर सॅक माणसाला मागे खेचते. तिथे लोड लिफ्टर आवळून घ्यावेत. कॅरीमॅट, म्हणजे झोपायच्या चटईची गुंडाळी, आडवी बांधू नये. कारवीत अडकते आणि अरुंद कातळटप्प्यावर धक्का देते. वाहता ओढा ओलांडताना मात्र कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडावा, म्हणजे पाय घसरला तर सॅक झटकून टाकता येते.

रेनकव्हरवर विसंबू नये. ते पाठीकडची बाजू झाकत नाही आणि घाम-पाणी तिथूनच शिरते. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सामान तिच्यात भरावे. घरी आल्यावर सॅक ओलसरच माळ्यावर टाकू नये. मुंबईच्या दमट हवेत आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होतो, वास मारतो आणि पापुद्र्यांसारखा सुटतो.

ट्रेक नेणाऱ्या संस्थांना आमची विनंती आहे, की सूचनेत लिटरच्या आकड्याशेजारी पाठ मोजण्याची रीत आणि वजनाची मर्यादा या दोन ओळी छापाव्यात. दुकानदारांनीही पाच-पाच किलोच्या वाळूच्या दोन पिशव्या काउंटरजवळ ठेवाव्यात.

आपले,
डोंगर चढणारे काही मित्र, दादर, मुंबई