वेदांतला लिंक हवी आहे

साखळी, गोवा
8 फेब्रुवारी 2026

प्रिय शुभे,

गणेश चवथीत तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला होता. ‘निवांत ऐकते गो’ असं मी लगेच लिहिलं आणि ऐकला काल रात्री. म्हणजे पाच महिने तू माझ्या फोनात गप्प बसून होतीस, जे तुला एरवी जन्मात जमलेलं नाही. रागावायचं तर रागाव, पण पत्र पुरतं वाचून मग. आम्ही सगळी बरी. माझी थायरॉइडची गोळी तीच, ह्यांची शुगर तीच. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकला तो विकलाच, पिकअपला भाडी मिळतात. झालं.

फोन केला नाही, कारण मी मोकळी असते तेव्हा पार्थ घरात असतो आणि तो क्लासला जातो तेव्हा तू बसमध्ये असतेस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून सुटली असतीस. हे अंगठ्यावर भागणारं नाही.

तर, मी एक राक्षस विणला. क्रोशाने. हसून झालं की पुढे वाच.

गेल्या दिवाळीत आमच्या वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराच्या पुतळ्याला ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधल्या डेमोगॉर्गनचं तोंड केलं. तू ही मालिका पाहिली नसणार, रुचीला विचार. त्या डेमोगॉर्गनला डोळे नाहीत, नाक नाही. डोकं कळीसारखं मिटलेलं, आणि उघडलं की पाच पाकळ्या, पाकळ्याभर दात. पोरांनी पुठ्ठा कापून, लाल रंग देऊन पाकळ्या केल्या. दात सगळे पार्थने काढले, पंधरा दिवस तेच. वाड्यावरचे म्हातारे येऊन विचारायचे, ‘हें फूल कित्याक लायलां रे नरकासुराक?’ आपल्या वेळी आपल्याला नुसतं गवत आणून द्यायला बोलवायचे, आठवतं? आणि त्यातही तू बापूशी भांडलीस की नरकासुराचं पोट सुटलेलं नको म्हणून. असो. पहाटे जाळला. पंधरा दिवसांचं काम पाच मिनिटांत भुईसपाट. पार्थ घरी आला, कारीट फोडलं, फोव पुढ्यात घेऊन बसला आणि ताटाकडे बघत म्हणाला, ‘आई, तू क्रोशाने असा करशील? तो जाळायचा नाही.’

चौदा वर्षांचा मुलगा, शुभे. वर्षभरात त्याने माझ्याकडे चार्जर आणि पैसे सोडून काही मागितलं नव्हतं. मी कसलाही विचार न करता हो म्हटलं.

क्रोशाला हात लावून मला वीस वर्षं झाली असतील. आईची सुई पावडरच्या डब्यात होती, पण ती सुताची, बारीक. लोकरीला चालेना. म्हापशाहून अडीच मिलिमीटरची आणली. लोकर म्हणजे अ‍ॅक्रेलिकच, खऱ्या लोकरीचा राक्षस गोव्याच्या हवेत दोन पावसाळ्यांत कसरीने खाल्ला असता. मग एका परदेशी बाईचं पॅटर्न मिळालं. ह्या बाहुल्यांना अमिगुरुमी म्हणतात, जपानी शब्द आहे. पॅटर्नमध्ये सगळीकडे ‘डबल क्रोशे’ लिहिलेलं. मी म्हटलं, डबल म्हणजे आपला खांब, तो उंच टाका. तीन दिवस खांब घातले. डोकं झालं अननसाएवढं, आणि कापूस भरला तर भोकाभोकांतून बाहेर बघायला लागला. ह्यांनी विचारलं, ‘ह्याला केस आहेत काय?’ मग कुठेतरी कळलं की बाई इंग्लंडची. अमेरिकेत ज्याला सिंगल म्हणतात त्याला इंग्लंडात डबल म्हणतात, आणि तो म्हणजे आपला बुटका, घट्ट मुका खांब! आई नुसतं ‘मुको घाल’ म्हणायची आणि काम व्हायचं. तीन दिवसांचं तासाभरात उसवलं.

पण नंतर मजा आली, खरंच. मधोमध सहा मुके, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढवलेस की चकती सपाट राहते. वाढवायचं थांबलीस की कडा उभी राहून वाटी होते. घटवायला लागलीस की मिटते. गणिताच्या सरांनी हे असं शिकवलं असतं तर मला दहावीला तुझ्या वहीतून बघावं लागलं नसतं. फेरी कुठे संपली ते मात्र दिसत नाही, गोल गोल जात राहतं, म्हणून पहिल्या टाक्यात खुणेची पिन अडकवायची. मी दोनदा विसरले. एक पाय त्यामुळे जाड आहे. पार्थ म्हणाला, राहू दे, लंगडा राक्षस जास्त भयानक वाटतो.

पाकळ्या दुहेरी, बाहेरून मातकट करड्या, आतून काळजाच्या रंगाच्या. आणि दात! दातांसाठी त्या बाईने लिहिलं होतं तीन साखळ्या घेऊन पहिल्या साखळीत परत अडकवायच्या. केलं आणि बघतच राहिले. अगो, ते आईच्या रुमालाच्या कडेचं टोक! हळदीकुंकवाला वाटायला ती डझनाने रुमाल करायची, त्याच्या चारी कडांना हेच. मी पाच पाकळ्यांना तिच्या रुमालांचे दात लावले. एका पाकळीला एकवीस. आईला हे कळलं असतं तर हसली असती की रामरक्षा म्हणायला बसली असती, सांगता येत नाही.

नाताळात पुरा झाला. मालिकेचा शेवटचा भाग आपल्याकडे 1 जानेवारीच्या सकाळी साडेसहाला आला. ज्याला शाळेसाठी तीन हाका माराव्या लागतात तो सहाला आपणहून उठून, चादर घेऊन बसला. मी चहा घेऊन गेले तर चादरीत दोघं. राक्षसाची एक पाकळी बाहेर होती. मी पहिला सीझन त्याच्याबरोबर पाहिला होता ना, त्यात पुढे ती आई घरभर नाताळचे दिवे लावते आणि हरवलेला मुलगा त्या दिव्यांतून तिच्याशी बोलतो. भिंतीवर अक्षरं रंगवते बिचारी. आमचा पलीकडच्या खोलीत असतो आणि मी काय काय लावू ते सांग.

आता मुद्दा. मंगळवारी पार्थ क्लासला गेला होता आणि वेदांत आला. त्याचा मित्र, तुझाच अवतार, पोटात काही राहत नाही. सोलकढी प्याला, दुसरा पेला मागितला आणि म्हणाला, ‘काकी, त्या डेमोगॉर्गनची लिंक पाठवा ना. पार्थ देत नाही. त्याने अठराशेला ऑनलाइन मागवला ना? माझी आई हो म्हणाली.’

शुभे, तू आत्ता वाचायचं थांबलीस, मला माहीत आहे.

गॅदरिंग, 1994, आठवी. आईने दीड महिना रात्री बसून विणलेला तो पांढरा टॉप, गळ्याला शिंपल्यांची नक्षी. मुली भोवती जमल्या, कुणीतरी विचारलं कुठून घेतला, आणि मी म्हटलं, ‘पणजीहून. अठरा जून रस्त्यावरून. अडीचशे रुपये.’ तू शेजारी उभी होतीस. माझ्याकडे बघितलंस आणि गप्प राहिलीस. तेव्हा तुझे इतके उपकार वाटले! मग संक्रांतीनंतर तू आमच्या मागीलदारी आईला शेंगा निवडू लागलीस आणि सगळं सांगून टाकलंस.

ते भांडण मी परत काढत नाही. (तू माझ्या कंपासपेटीत शाई ओतलीस ते मात्र विसरले नाही. पेटी अजून तुझ्याकडेच आहे.) चैत्रात विठ्ठलाच्या देवळात वीरभद्र बघताना गर्दीत तू माझ्या पायावर पाय दिलास, मी ओरडले, आणि तिथून बोलायला लागलो. तीन महिने अबोला. त्या तीन महिन्यांत आणि नंतर आई जाईपर्यंतच्या चोवीस वर्षांत, आईने त्या टॉपबद्दल माझ्यापाशी एक अक्षर काढलं नाही. मीही नाही. मला वाटायचं, बरं झालं, विसरली.

आणि पाकळ्यांचे दात मोजता मोजता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्यानंतर तिने माझ्यासाठी अंगावर घालायचं काही विणलं नाही. दाराला तोरण, टीव्हीवर रुमाल, लग्नात रुखवताला मोठा टेबलक्लॉथ, पार्थ पोटात असताना बाळाची टोपी. माझ्या अंगावरचं एकही नाही. मी दोनदा आठवून पाहिलं. कपाट उघडून पाहिलं.

वेदांतला मी काय सांगितलं, ऐक. तोंडातून आपोआप आलं, ‘अरे, संपलाय तो. आउट ऑफ स्टॉक.’ आणि वर म्हटलं, ‘आला की कळवते.’ माझं मलाच कळेना. मुलगा खोटं बोलला ह्याचा राग यायला हवा होता, तर मी त्याच्या खोट्याला अस्तर लावून दिलं. तो गेल्यावर मग रडू आलं, तेही दूध उतू गेल्यामुळे अर्धवट राहिलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘अठराशे? बरी किंमत लावली की! धंदा काढ.’ ह्यांचं बरोबर आहे एका अर्थी. मी आईची किंमत अडीचशे लावली होती.

वेदांतने पार्थला सांगितलं असणार, कारण मंगळवारपासून ताट उचलून धुवायला ठेवतो, कपड्यांच्या घड्या करतो, न मारलेल्या हाकेला ‘ओ’ देतो. माझ्याकडे बघत नाही. त्याला कळलंय की मला कळलंय. राक्षस त्याच्या उशाशीच आहे, पाकळ्या मिटून. बोलू का मी? ‘का रे, आईने केलाय म्हणायची लाज वाटते?’ असं विचारायला मी दोनदा त्याच्या दाराशी गेले. पण उत्तर मला माहीत आहे ना गो. लाज नव्हती. मला त्या टॉपचा इतका अभिमान होता की तो कुठल्यातरी काचेच्या दुकानातला असावा असं वाटलं, एवढंच. चौदाव्या वर्षी हातचं आणि स्वस्त हे दोन शब्द एकच असतात. आणि गंमत म्हणजे क्रोशाचा टाका मशीनला जमत नाही म्हणतात. ऑनलाइन मागवला असता तरी कुठल्यातरी बाईनेच बसून विणला असता. तिला तिचा पार्थ असेल.

न बोलावं तर मग आईसारखं होईल. बोलावं तर तो चौदा वर्षांचा, हे त्याच्या डोक्यात कायमचं बसेल. आणि मी रागाने बोलेन की कशी, माझा मला भरवसा नाही. तू म्हणशील, नेहमीप्रमाणे सरळ सांगून मोकळी हो. तुझं सगळं सरळ असतं, म्हणून तर शाई ओतली गेली.

तोवर मी दुसरा राक्षस घेतलाय विणायला. वेदांतसाठी. पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, टेप मारून त्याच्या दारात ठेवीन की समोर बसवून म्हणेन, ‘घे, हा मी केलाय,’ ते अजून ठरत नाही. पार्थने काल रात्री माझ्या हातात पाकळी बघितली. काही बोलला नाही. मग पाणी प्यायला परत आला आणि म्हणाला, ‘ह्याचे पाय सारखे कर.’ आणि गेला.

म्हणून तुला विचारायचं आहे. तू आईला सांगितलंस की नाही, हे मी तेव्हा ओरडून ओरडून विचारलं होतं. आई काय म्हणाली, हे मात्र एकतीस वर्षांत विचारलं नाही. तू तिथे होतीस. शेंगा निवडत होतीस. ती हसली का? उठून आत गेली का? की मी वेदांतला सांगितलं तसं तुलाच काही सांगितलं, ‘हो गो, पणजीहूनच आणला,’ असं? तसं ती करू शकली असती. आठवत असेल तसं लिही, माझ्यासाठी गोड करू नकोस. आठवत नसेल तर आठवत नाही लिही. फोनवर सांगू नकोस, लिहूनच पाठव.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की पुढे ढकललं? रुचीला बारावीला माझा आशीर्वाद, आणि तिला म्हणावं रात्री जागून पाठ करू नको, आपल्याला त्याने काही मिळालं नाही. तुझ्या बदलीचं काय झालं तेही मेसेजमध्ये नीट कळलं नाही, मागे कुकरची शिट्टी होती.

तुझी,
मिनी

ता. क. आतल्या पाकळ्यांसाठी काळजाच्या रंगाची लोकर म्हापशात संपली. नाशिकला मिळाली तर दोन गुंडे पाठव. मरून नको, गुलाबीही नको. मटणवाल्याकडे काळीज बघून ये हवं तर, रंग लक्षात राहील.