भावाने पिटिशन टाकलंय, पण मुलांची वयं मोजलीत का?

मा. संपादक, स.न.वि.वि.

परदेशात कायमचं स्थायिक होण्याबद्दल तुमच्या पेपरात येतं ते मी आवर्जून वाचते, पण त्यात बहुतेक सगळं नोकरीवाल्यांच्या व्हिसाचं असतं. अमेरिकेतल्या भावाने किंवा बहिणीने आपल्या ग्रीन कार्डासाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, पिटिशन (अर्ज) टाकलंय आणि वर्षानुवर्षं वाट बघतोय अशी पण खूप घरं आहेत, आमचं त्यातलंच एक, म्हणून लिहितेय.

माझा मोठा भाऊ अमेरिकन सिटिझन आहे. आई-बाबांचं त्याने केलं तेव्हा सव्वा वर्षात दोघांची ग्रीन कार्डं हातात आली, कारण सिटिझनचा नवरा किंवा बायको, २१ च्या आतली अविवाहित मुलं आणि आई-वडील यांना वर्षाला इतकेच व्हिसा असा कोटाच नसतो. ते बघून आम्हाला वाटलं आपलंही असंच होईल, जरा उशीर लागेल एवढंच. दादाने २००६ च्या फेब्रुवारीत माझ्यासाठी आय-१३०, म्हणजे हाच पिटिशनचा फॉर्म, भरला, तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती आणि मुलगा तीन. नंबर लागला २०२४ संपता संपता!

भावंडांची कॅटेगरी म्हणजे एफ-४. तिला सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, त्यातच भावंडाचा नवरा-बायको आणि मुलं पण मोजतात, आणि वर एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारताची रांग अठरा वर्षांच्या पुढे गेली आणि मेक्सिकोची तर त्याहून लांब आहे. दर महिन्याला अमेरिकन सरकारचं व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात आपली, म्हणजे अर्ज भरल्याची, तारीख आली का ते बघायचं. आम्ही ते इतकी वर्षं बघत होतो, कधी दोन आठवडे पुढे, कधी महिनोन्महिने जागच्या जागी, कधी चक्क मागे.

आणि या सगळ्यात जे कोणीच आम्हाला नीट सांगितलं नाही ते मुलांच्या वयाचं. एजंट म्हणाला मुलं तुमच्याबरोबर आपोआप येतात, आम्ही विश्वास ठेवला. मूल म्हणजे २१ च्या आतलं आणि लग्न न झालेलं, हा नियम आहे. २००२ च्या कायद्याने थोडी सूट मिळते, म्हणजे नंबर लागेल त्या दिवशी मुलाचं जे वय असेल त्यातून पिटिशन मंजूर व्हायला जितका वेळ लागला तो वजा करायचा. आमचं मंजूर व्हायला तीन वर्षं लागली, पुढची सगळी नुसती रांगेत गेली. मुलगा एकवीस पूर्ण झालेला, वजा तीन, अठरा, तो नियमात बसला. मुलगी चोवीसची, वजा तीन, एकवीस. ती बाद झाली. मंजुरी लवकर मिळाली म्हणून त्या वेळी आम्ही खूश झालो होतो, आणि तीच मंजुरी अजून वर्षभर रखडली असती तर पोरगी आत असती, हे मला अजून पचत नाही.

आता आम्ही जाऊन तिच्यासाठी नवीन पिटिशन टाकू शकतो, पण आमची २००६ ची तारीख तिला मिळत नाही, २०१४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तसा निकाल दिलाय. म्हणजे तिची रांग शून्यापासून. बरं, ग्रीन कार्डवाल्यांना फक्त अविवाहित मुलांसाठी अर्ज करता येतो, त्यामुळे आम्ही सिटिझन होण्याआधी तिने लग्न केलं तर तेही पिटिशन रद्द. पोरीने लग्न कधी करायचं हे पण त्या रांगेने ठरवायचं का? मी तिला स्पष्ट सांगितलंय की यासाठी थांबायचं नाही.

अजून एक, स्पॉन्सर करणाऱ्याचं उत्पन्न. अर्ज करताना दादा चांगल्या नोकरीत होता, नंबर लागला तेव्हा रिटायर झालेला. तिथल्या सरकारच्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के तरी उत्पन्न दाखवावं लागतं, ते त्याच्याच्याने होईना म्हणून भाच्याने जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे जोडीचा हमीदार, म्हणून सही केली. ही सही नुसती कागदापुरती नसते हो, आम्ही सिटिझन होईपर्यंत किंवा तिथे साधारण दहा वर्षांचं काम खात्यावर जमा होईपर्यंत ती जबाबदारी त्याच्यावर राहते. आपल्या जवळच्या माणसावर आपण काय टाकतोय हे मला सही झाल्यावर कळलं.

या अठरा वर्षांत आम्ही मोठं घर घेतलं नाही, मिस्टरांनी धंदा वाढवला नाही, प्रत्येक वेळी "आता जायचंच आहे" हेच कारण. मी दादाला दोष देत नाही, त्याने प्रेमाने केलं. ज्यांचं पिटिशन आत्ता पडतंय त्यांनी निदान मुलांची वयं आजच कागदावर मांडावीत, मूल आठ-दहा वर्षांचं असेल तर ते आपल्याबरोबर जाणं जवळजवळ अशक्य आहे असं धरूनच पुढचं ठरवावं, आणि घरातली कामं थांबवू नयेत. तुम्ही पण महिन्यातून एकदा त्या बुलेटिनमधली भारताची तारीख आणि वयाचं हे गणित मराठीत सोप्या भाषेत छापाल का, कितीतरी लोक फक्त एजंटच्या शब्दावर बसलेत.

आमचं अजून ठरलेलं नाही. मुलाला एकट्याला आधी जाता येत नाही, अर्ज माझ्या नावावर आहे त्यामुळे मला जावं लागेल, नाहीतर त्याचंही जाईल. आणि नंबर लागल्याची नोटीस आल्यापासून वर्षभर आपण काहीच हालचाल केली नाही तर केस बंद होऊ शकते, त्यामुळे फी भरून ठेवलीय.

- एक वाचक